सातबारा आणि सातसातसात

बाळा,

तुझं सेवा केंद्र सुरू झाल्याचे पेढे पोचले, फोटोही बघितला. मंद्रूपला हायवेलगत गाळा, बाहेर 'सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो' अशी पाटी, आत दोन संगणक, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र. फोनवर तू विचारलंस, "आत्या, अँटीव्हायरस कुठला घेऊ?" मी म्हटलं, सांगते. मग सांगायचं राहूनच गेलं, कारण मला तुझा प्रश्नच पटला नव्हता. फवारणी कसली करायची हे नंतरचं. आधी बांध शाबूत आहे का आणि बांधावरून कोण ये-जा करतंय, ते बघायचं असतं.

सोलापुरातल्या एका कार्यालयात मी एकतीस वर्षं मशीनं सांभाळली. तेवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट नीट कळली. परवानगी आपण माणसाला देतो, पण ती वापरतो प्रोग्राम. संगणकाच्या बहुतेक चोऱ्या या दोहोंच्या मधल्या फटीतून होतात. खाली लिहिते ते सगळं त्या फटीबद्दलच आहे. हे पत्र गल्ल्याच्या खणात ठेव, मशीनवर नको.

१. उतारा वाचल्याशिवाय व्यवहार नाही

सातबारा तुला झोपेतही वाचता येतो. भोगवटादार कोण, कुळ आहे का, इतर हक्कात सोसायटीचा बोजा किती, हे तू एका नजरेत सांगतोस. फाइलीचाही असाच उतारा असतो. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. त्या घराण्यातल्या सिस्टिमांमध्ये, म्हणजे आजच्या लिनक्समध्येसुद्धा, प्रत्येक फाइलीला तीन रकाने असतात: मालक, गट आणि इतर. वाचायचा हक्क म्हणजे चार, लिहायचा दोन, चालवायचा एक. तिन्ही मिळून सात. फाइलीवर सहा-चार-शून्य दिसलं तर मालक वाचेल-लिहील, गट नुसता वाचेल, बाकीच्यांना दार बंद.

आणि सात-सात-सात? सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'वाटेल त्यानं यावं, नांगरावं, विकावं' असं लिहिल्यासारखं. तरी लोक ते करतात. प्रोग्राम 'परमिशन डिनाइड' म्हणून अडतो, गिऱ्हाईक समोर ताटकळत असतं, कुणीतरी सांगतं, "सातसातसात मार, चालतंय." आणि चालतंही. विंडोजमध्ये याच रोगाचं नाव 'एव्हरीवन – फुल कंट्रोल'. नड निघून जाते, परवानगी तशीच राहते. अडलेल्या प्रोग्रामला नेमकी कुठली फाइल हवी आहे ते शोध आणि तेवढीच उघड.

भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला आपण सगळे गेलो होतो, आठवतं? संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. त्याच्या शेवटी लिहिणाऱ्यानं आशीर्वाद दिलाय तो वाचणाऱ्याला, जो वाचील त्याचा विजय होवो अशा अर्थाचा. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला फाइली कुठल्या माहीत असायला! पण महिन्यातून एकदा परवानग्यांचा उतारा वाचत जा, तो आशीर्वाद तुलाही लागेल.

२. पेटीला कुलूप आहे, पण पेटी उचलता येते का?

ही माझीच फजिती आहे. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडं एक युनिक्सचं मशीन आणि त्याला आठ टर्मिनल होती. पगारपत्रकांच्या जुन्या फाइली मी एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि एकूणएक फाइल 'नुसती वाचायची' करून टाकली. आता कुणाचा हात लागणार नाही, म्हणून निर्धास्त झाले. फोल्डर मात्र सगळ्यांना लिहिता येईल असाच होता, कारण दर महिन्याला तिघे जण त्यात नवी फाइल टाकत.

एका शुक्रवारी डिस्क भरली. एका साध्या-सरळ कारकुनानं जागा करायची म्हणून 'जुनं' पुसायला घेतलं. मशीननं त्याला विचारलंसुद्धा, ही फाइल सुरक्षित केलेली आहे, तरी पुसू का? त्यानं 'वाय' दाबलं. पुढच्या फाइलीला परत 'वाय'. असं करत तीन वर्षांची पगारपत्रकं गेली. सोमवारी मी त्याच्यावर ओरडले, आणि दुपारी माझी मलाच लाज वाटली. फाइल पुसणं म्हणजे फाइलीवर लिहिणं नव्हेच. ते फोल्डरच्या यादीतून नाव खोडणं आहे, आणि तो हक्क फोल्डरचा असतो. मी पेटीला कुलूप घातलं होतं, खोलीचं दार सताड उघडं ठेवून. विंडोजमध्येही फोल्डरवर 'फुल कंट्रोल' असलं की आतल्या फाइलीवरची बंदी पुसणाऱ्याला अडवत नाही.

युनिक्सनं यावर एक छान तोड काढलेली आहे, तिला 'स्टिकी बिट' म्हणतात. देवळाबाहेर चपला काढायला कुणालाही मुभा असते, पण जाताना प्रत्येकानं आपलीच न्यायची. तात्पुरत्या फाइलींच्या सामाईक फोल्डरला हा बिट लावलेला असतो. नवी फाइल कुणीही टाकावी, पण दुसऱ्याची हलवू नये. चार जणांनी एकाच फोल्डरमध्ये काम करायचं असेल, तर लिनक्सवर आधी हा नियम लाव.

३. सालगड्याच्या कमरेची किल्ली

हे जरा सावकाश वाच, सगळ्या पत्राचा गाभा इथं आहे.

वाड्यावर सालगडी असतो. बियाणं काढायला लागतं म्हणून कोठीची किल्ली त्याच्या कमरेला. एक दिवस परका माणूस येतो आणि म्हणतो, "मालकांनी सांगितलंय, हे पोतं कोठीतल्या त्या लाल पेटीत रिकामं कर." गडी प्रामाणिक, किल्ली खरी, कोठीत जायचा त्याला हक्क. तो पोतं ओततो आणि पेटीतल्या खातेवह्या त्याखाली जातात. चोरी कुणी केली? परक्याकडं किल्लीच नव्हती. गड्यानं चुकीच्या दारात पाऊलही टाकलं नाही.

नॉर्म हार्डी नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९८८ साली अगदी अशीच हकिगत लिहून ठेवली. टाइमशेअर कंपनीत एक कंपायलर होता. वापराची आकडेवारी नोंदवायची म्हणून त्याला आपल्या घरच्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क दिलेला होता. त्याच फोल्डरमध्ये बिलांची फाइलही होती. एका वापरकर्त्यानं चुका शोधायची (डीबगिंगची) माहिती ठेवायची फाइल म्हणून तिचंच नाव दिलं, आणि कंपायलरनं इमानेइतबारे बिलांवर बोळा फिरवला. परवानगीचा एकही नियम मोडला नव्हता. कारण सिस्टिम एवढंच विचारते, 'तू कोण?' कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणासाठी हे करतोयस, हे ती विचारतच नाही. हार्डीनं त्या कंपायलरला 'गोंधळलेला मुनीम' अशा अर्थाचं नाव दिलं.

आता तुझ्या काउंटरवर ये. आठ पासपोर्ट फोटो एका पानावर लावणारं फुकटचं सॉफ्टवेअर तू कुठूनतरी उतरवून घेतलंस. डबल क्लिक केलंस की तो तुझा सालगडी झाला. तुला जे जे वाचता येतं ते त्याला वाचता येतं, तुला जे पुसता येतं ते त्यालाही. खंडणीखोर व्हायरसला, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, कुठलं कुलूप तोडावं लागत नाही. तुझ्या फाइलींवर लिहायचा तुझाच हक्क त्याला पुरतो. फाइल उघडायची, कुलूपबंद करायची, परत ठेवायची. सिस्टिमच्या लेखी ते सगळं तूच करतोयस.

म्हणून 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर दारात घेऊ नको. 'आधी अँटीव्हायरस बंद करा, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' अशी त्याची सूचना असते. घराची राखण सोडून द्या आणि मग किल्ली द्या, असं सांगणाऱ्या पाहुण्याला आपण पाणी तरी विचारू का?

४. मोठ्या खात्यानं रोज बसू नये

काउंटरवरचं काम साध्या खात्यातून कर. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि ते नवीन काही बसवायचं असेल तेव्हाच उघडायचं. दुसऱ्या मशीनवर बसणाऱ्या पोराला त्याचं स्वतःचं खातं दे. लिनक्समधल्या 'रूट'ला मालक-गट-इतर यांतलं काही अडवत नाही, आणि विंडोजच्या ॲडमिनिस्ट्रेटरला मनात आणलं तर कुठल्याही फाइलीचा ताबा घेता येतो.

दोन्ही मशीनांना ॲडमिनचा एकच पासवर्ड ठेवू नको. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' जगभर पसरला, तेव्हा आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं होतं. ते टर्मिनल मर्स्क समूहाच्या हाताखालचं, आणि व्हायरसनं त्या समूहाचीच मशीनं गाठली होती. त्याची खोड अशी की एका मशीनच्या मेमरीतून तो मोठ्या खात्याची ओळख उचलायचा आणि तीच दाखवून शेजारच्या मशीनमध्ये शिरायचा. म्हणून सगळी डागडुजी वेळेवर केलेली मशीनंही त्याच्या तडाख्यात सापडली. दोन मशीनांच्या दुकानालाही हा हिशेब लागू आहे.

५. डाउनलोड्स म्हणजे उकिरडा नव्हे

मागच्या वेळी आले होते तेव्हा तुझ्या मित्राच्या केंद्रात बसले होते. त्याचा डाउनलोड्स फोल्डर बघितला. 'आधार', 'आधार (१)', 'आधार (२)', असं करत 'आधार (४१)' पर्यंत. मग 'पॅन नवीन', 'सातबारा फायनल', 'सातबारा फायनल खरा', कुणाच्या तरी मुलीचा जातीचा दाखला, एका म्हाताऱ्याचं बँक पासबुक. व्हॉट्सॲप वेबवर आलेलं सगळं तिथंच पडलेलं, वर्षभराचं. गिऱ्हाईक दहा रुपये देऊन घरी गेलं, पण त्याचं अख्खं चरित्र त्या फोल्डरात राहिलं.

यावर तीन गोष्टी कर. काम झालं की गिऱ्हाइकाची फाइल त्याच्यासमोर पूस आणि रीसायकल बिनही रिकामा कर. जे ठेवावंच लागतं ते स्वतःच्या खात्याच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेव. 'सी' किंवा 'डी' ड्राइव्हवर थेट नवा फोल्डर केलास, तर विंडोज त्या मशीनवर खातं असलेल्या प्रत्येकाला तो बदलायची मुभा आपणहून देतं. तुझ्या खात्यातल्या फोल्डरात दुसऱ्या साध्या खात्याला शिरता येत नाही. तिसरं म्हणजे ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नको. तूही ठेवून घेऊ नको, कुणी आजीबाई म्हणाल्या, "तुझ्याकडंच असू दे की रे बाळा," तरीही. कागदावर लिहून त्यांच्या हातात दे.

२०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी लोकांचे कागद ही ठेव आहे, आणि ठेवीला आपल्या घरात काय मान असतो ते तुला आजीनं शिकवलंय.

६. पेन ड्राइव्हला मालक नसतो

परवानग्या म्हणजे पहारेकरी. पहारा त्या मशीनवरची सिस्टिम देते, फाइल स्वतः देत नाही. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, किंवा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनं मशीन सुरू केलं, की जुना पहारेकरी झोपलेला असतो आणि नवा त्याचे नियम मानायला बांधील नसतो. बाजारातले पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यांत मालक-गट-इतर हे रकानेच नाहीत. चार-शून्य-शून्य अशी कडेकोट फाइल त्यावर घातलीस की ती उघड्या माळावर आली.

मशीन दुरुस्तीला सोलापूरला पाठवशील तेव्हा हे आठव. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तरच आतला मजकूर सुरक्षित. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर' असतो, लिनक्सवर 'लक्स', आणि दोन्हीकडं चालणारा फुकटचा 'व्हेराक्रिप्ट' आहे. किल्लीचा कागद मात्र मशीनच्या पिशवीत ठेवू नको. हसू नको, मी असे कागद बघितलेत.

७. विचारणा चावडीवर पोचली का?

फाइलीचा उतारा बिनचूक आहे, पण तो कुणी बघितलाच नाही तर? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. त्यातली बरीचशी २८ देशांतल्या एटीएममधून, नकली कार्डांनी, काही तासांत काढली. उरलेली तेरा-चौदा कोटी हाँगकाँगला वळवली. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेकडं जायला हवी होती. चोरट्यांनी मध्येच आपला एक खोटा मुनीम बसवला आणि तो प्रत्येकाला 'हो, द्या' म्हणत राहिला. वही बरोबर होती, पण वहीला कुणी विचारलंच नाही.

सिस्टिमच्या आतही अशा चोरवाटा निघतात. मॅक्स केलरमन या जर्मन प्रोग्रामरच्या गिऱ्हाइकांच्या लॉग फाइली अधूनमधून बिघडत होत्या. तो महिनोन्‌महिने त्याचा माग काढत गेला आणि लिनक्सच्या गाभ्यातच भोक सापडलं. ज्या फाइली नुसत्या वाचायच्या, त्यांवरही साध्या वापरकर्त्याला लिहिता येत होतं. मार्च २०२२ मध्ये ते 'डर्टी पाइप' या नावानं जाहीर झालं. त्याआधी जानेवारीत 'पीकेएक्सेक'मधलं भोक उघडकीला आलं होतं, आणि ते २००९ पासून तिथंच होतं. पीकेएक्सेक हा 'सेटयूआयडी' प्रोग्राम, म्हणजे चालवतो साधा माणूस, पण चालतो रूटच्या अधिकारानं. परत तोच सालगडी, फक्त या वेळी किल्ली वाड्याच्या मालकाची.

अशी भोकं तुला बुजवता येणार नाहीत. ज्यांना येतात ते अपडेट पाठवतात, तेवढं वेळेवर घे. 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस १२ मे २०१७ ला सुटला. त्याचं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेलं होतं. दोन महिने लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत बसले. विंडोज ७ ची डागडुजी १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची १४ ऑक्टोबर २०२५ ला. तुझं दुसरं मशीन जुनं आहे हे मला माहीत आहे. त्यावर लिनक्स घाल. सी-डॅकचा 'बॉस' आहे, उबंटू आहे. पण सरकारी पोर्टलचं काम आणि ठशाचं यंत्र चालतं का ते आधी तपास, नाहीतर गिऱ्हाइकांसमोर माझा उद्धार करशील.

८. बियाणं वेगळ्या कोठीत

बॅकअपची डिस्क मशीनला कायम लावलेली असेल तर तो बॅकअप नव्हे. तुला तिच्यावर लिहिता येतं, म्हणजे खंडणीखोरालाही येतं. रविवारी लाव, नक्कल घे, काढून घरी ने. आपल्याकडं बियाणाची ज्वारी खायच्या ज्वारीत कधी मिसळत नाहीत, तसं. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यातली फाइल उघडून बघ. न उगवणारं बी साठवून काय उपयोग?

९. टोकन आणि गिऱ्हाइकाचा फोन

अप्पर तहसील कचेरीच्या कामाला येणारी माणसं तुझ्याकडंच येणार. उद्या तिथल्या एखाद्या साहेबानं सोयीसाठी डिजिटल सहीचं टोकन तुझ्याकडं ठेवायला दिलं, पिनसकट, तर हात जोड. ते टोकन मशीनला लागलेलं आणि पिन हाताशी असताना मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम सही मागू शकतो, आणि सही साहेबांची उमटते. मग नोंद कुणी फिरवली याचं उत्तर देता देता जन्म जाईल.

फोनमध्ये अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळी खोली देतं, एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीतल्या फाइली दिसत नाहीत. चांगली व्यवस्था आहे ती. म्हणून चोरटे भिंत फोडतच नाहीत, मालकाकडूनच दार उघडून घेतात. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावानं एपीके फाइल येते, आणि बसवताना एसएमएस वाचायची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागते. ती दिली की समोरच्याला ओटीपीही दिसतो आणि पडद्यावर बोट ठेवल्यासारखं बटणही दाबता येतं. कुणी शेतकरी असा फोन घेऊन आला तर आधी त्याचं इंटरनेट बंद कर, बँकेला फोन लाव, आणि १९३० वर तक्रार नोंदवून दे. त्याचे पैसे घेऊ नको.

एवढं पुरे. अँटीव्हायरसचं विचारलं होतंस ना? विंडोजबरोबर येतो तो चालू ठेव. तुझ्या दुकानाला तेवढा पुरतो, वरचं सगळं केलंस तर.

संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा यात्रेला येणार आहे. नंदीध्वज बघून झाले की मंद्रूपला उतरेन, पण आत्या म्हणून नाही, उत्पन्नाचा दाखला काढायला आलेली बाई म्हणून. तू चहा सांगायला उठशील, खुर्ची रिकामी असेल, तेव्हा काय काय उघडतंय ते बघेन. पडदा लॉक केलेला दिसला तर दाखल्याचे पैसे देईन, नाहीतर चहा तुझ्याकडून.

तुझी,
आत्या